हिंसाग्रस्त घरातील मूल आणि आईबापांची माया

पती पत्नीला मारहाण करीत असलेल्या घरात जे मूल वाढते, त्याला कोणत्या नावाने संबोधावे, हा प्रश्न या विषयाच्या अभ्यासकांना प्रारंभापासून अडवीत आला आहे. प्रथम त्याला ‘साक्षी’ म्हटले गेले. छळ सोसलेल्या स्त्रियांसाठी १९७१ मध्ये लंडनमधील चिझिक येथे आश्रयगृह निघाले, पाठोपाठ इतर देशांतही तशी गृहे निघाली, आणि आयांचा पदर धरून तेथे आलेली मुले अभ्यासकांच्या दृष्टीस पडू लागली. त्यावेळी न्यायालयाच्या परिभाषेतील हा शब्द सहज हाताशी आला. परंतु तो अपुरा आहे. पाणिनीने ‘साक्षी’ हा शब्द प्रत्यक्ष पाहणारा या अर्थाने सिद्ध केला आहे. वेदान्ताने त्यात अलिप्ततेची छटा भरली आहे. दाराआड उभे असलेले मूल मात्र पुष्कळदा काहीच पाहत नाही, आणि अलिप्त तर ते मुळीच नसते. ते भिंतीपलीकडून ऐकते, सकाळी आईच्या गालावरचा वळ पाहते, शेजारणीच्या कुजबुजीतून उरलेले जुळवून घेते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज होल्डन यांनी २००३ मध्ये या परिभाषेचाच विचार केला आणि हिंसेशी मुलाचा संबंध येण्याचे दहा प्रकार मांडले. त्यांत गर्भावस्थेतील मूल आहे, मध्ये पडून सोडवू पाहणारे आहे, त्या झटापटीत स्वतः मार खाणारे आहे, आईवर पाळत ठेवावयास किंवा तिला टाकून बोलावयास लावले जाणारे आहे, आणि वरकरणी ज्याला काही ठाऊकच नाही असेही आहे. या सर्वांना सामावणारा शब्द मराठीत शोधावयाचा तर ‘झळ’ हा जवळचा वाटतो. आगीत न सापडताही झळ लागते; आणि ती लागण्यासाठी आगीकडे पाहावे लागत नाही.

या झळीचा परिणाम किती, याविषयी आता बऱ्यापैकी निश्चित विधान करता येते. कॅथरिन किट्झमन व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये ११८ संशोधनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. हिंसेची झळ लागलेल्या मुलांपैकी ६३ टक्के मुलांची स्थिती झळ न लागलेल्या सरासरी मुलापेक्षा वाईट असल्याचे त्यात आढळले. शिवाय अशा मुलांचे गुण आणि स्वतः मार खाल्लेल्या मुलांचे गुण यांत लक्षणीय अंतर दिसले नाही. ६३ हा आकडा वाचताना एक चूक वारंवार होते. उरलेली ३७ टक्के मुले हिंसेतून सहीसलामत सुटली, असा त्याचा अर्थ लावला जातो. वस्तुतः हिंसेचा काहीच परिणाम होत नसता, तरीही निम्मी मुले सरासरीच्या खाली आणि निम्मी वर असतीच. म्हणजे तुलना ६३ आणि शून्य यांची नसून ६३ आणि ५० यांची आहे. परिणाम खरा आहे, पण तो सर्व मुलांवर सारखा नाही. आणि या असमानतेचे कारण काय, येथून प्रस्तुत विषयाला खरा प्रारंभ होतो.

असमानतेच्या या प्रश्नाला मिळालेले सर्वांत जुने आणि अद्याप न ढासळलेले उत्तर असे, की मुलाला निदान एका मोठ्या माणसाची स्थिर माया लाभलेली असली तर फरक पडतो. इंग्लंडमध्ये मायकेल रटर यांनी कलहग्रस्त कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा आईबापांपैकी एकाशी तरी चांगला संबंध असलेल्या मुलांत वर्तनदोषांचे प्रमाण कमी आढळले. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढपणापर्यंत पाठपुरावा केला. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश मुले दारिद्र्य, कठीण प्रसूती, घरातील कलह, पालकाचा मानसिक आजार अशा अनेक आपत्तींच्या छायेत वाढली होती; तरीही त्यांतील सुमारे एक-तृतीयांश कर्तबगार आणि समतोल निघाली. त्यांच्या आयुष्यात जिव्हाळ्याचे एखादे माणूस असे, आणि ते माणूस नेहमी आई किंवा बापच असे असे नाही. आजीआजोबा किंवा थोरले भावंडही असे.

‘माया’, ‘वत्सलता’, ‘जिव्हाळा’ हे शब्द व्यवहारात सैल आहेत, म्हणून त्यांचा शास्त्रीय आशय येथे स्पष्ट करणे अवश्य आहे. इंग्रजी संशोधनात या गुणाला ‘वॉर्म्थ’ म्हणतात. म्हणजे तेथे रूपक उष्णतेचे आहे. मराठीत ‘ऊब’ आहे खरी, पण मराठीचा ओढा अधिक ओलाव्याकडे आहे. मायेला पाझर फुटतो, आईला पान्हा येतो, झरा आटतो, आणि ज्याच्या ठायी हे काही नाही तो माणूस कोरडा. ‘स्नेह’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही तेल, स्निग्धता असाच आहे. रूपक कोणतेही असो, मोजावयाची गोष्ट एकच आहे : आपण या माणसाला हवे आहोत, अशी जी जाणीव मुलाला त्याच्या वागण्याबोलण्यातून मिळते ती. कनेक्टिकट विद्यापीठातील रोनाल्ड रोनर यांनी या जाणिवेवर पालकीय स्वीकार आणि नकार यांचा सिद्धान्त उभारला. त्यांच्या मांडणीत एका टोकाला माया आहे आणि दुसऱ्या टोकाला नकार. नकाराची रूपे म्हणजे वैर, उपेक्षा, आणि तिसरे फार सूक्ष्म असे एक, ज्यात बोट ठेवावे असे काही घडलेले नसतानाही मुलाला आपण नकोसे आहोत असे वाटत राहते. हे तिसरे रूप बाहेरच्या निरीक्षकाला दिसत नाही; ते मुलालाच विचारावे लागते.

माया म्हणजे लाड नव्हेत, हेही येथेच सांगून टाकावे. डायना बाउमरिंड यांच्या संशोधनापासून, आणि विशेषतः मॅकोबी व मार्टिन यांच्या १९८३ मधील मांडणीपासून, माया आणि शिस्त या दोन स्वतंत्र मिती मानल्या जातात. मायाळू पालक कडक असू शकतो, आणि सैल सोडणारा पालक कोरडा असू शकतो. हिंसाग्रस्त घराच्या संदर्भात हा भेद नुसता पुस्तकी राहत नाही. तेथील मुलाला शिस्तीचा अनुभव बहुधा लहरीच्या रूपात येतो : काल ज्या गोष्टीवर कोणी चकार शब्द काढला नाही, तिच्यावरून आज ताट भिरकावले जाते.

माया संरक्षण करते म्हणजे नेमके काय करते? संशोधकांनी सुचविलेली कारणे वेगवेगळ्या पातळ्यांवरची असून ती एकमेकांना छेद देत नाहीत.

पहिले कारण जॉन बोल्बी यांच्या अनुबंधाच्या सिद्धान्तातून येते. भय वाटले की लहान मूल आपल्या माणसाकडे धाव घेते. ही धाव त्याच्या जगण्याच्या रचनेचाच भाग आहे. मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोर येथे केलेल्या निरीक्षणांतून असे दिसले, की ज्या मुलाच्या हाकेला ओ मिळत आलेली असते ते मूल आई दिसताच शांत होते आणि पुन्हा खेळू लागते. परंतु ज्याच्याकडे धावावयाचे तोच भयाचे कारण असेल, किंवा तोच स्वतः भयाने थिजलेला असेल, तर? मेरी मेन आणि एरिक हेस यांनी १९९० मध्ये या कोंडीचे वर्णन केले. असे मूल आईकडे जाता जाता मध्येच थबकते, तोंड फिरविते, जागच्या जागी गोठते; त्याच्याजवळ जवळ येण्याची किंवा दूर जाण्याची कोणतीच सुसंगत रीत उरत नाही. घरातील हिंसेचा विशेष असा, की ती मारणाऱ्या बापाला भयंकर करते आणि त्याच वेळी मार खाणाऱ्या आईला भयभीत करते. दोन्ही दारे एकदम बंद होतात. हिंसेच्या प्रसंगानंतर आई मुलाला जवळ घेऊ शकली, त्याच्या डोळ्यांत पाहून बोलू शकली, तर त्यांतील एक दार उघडते.

दुसरे कारण शरीराच्या पातळीवरचे आहे. मेगन गुन्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाजाळू, भित्र्या स्वभावाच्या लहान मुलांना अनोळखी प्रसंगात घालून त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे संप्रेरक मोजले. आईशी सुरक्षित अनुबंध असलेल्या मुलांत ते चढले नाही. तसा अनुबंध नसलेल्या, तितक्याच भित्र्या मुलांत ते चढले. भीती दोघांनाही वाटत होती, पण एकाच्या शरीराला तिची किंमत मोजावी लागली नाही. याच संदर्भात ऑरेगन विद्यापीठातील २०१३ चा एक प्रयोग भाषाभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सहा ते बारा महिन्यांच्या बालकांना झोपेत असताना निरर्थक वाक्ये निरनिराळ्या सुरांत ऐकविण्यात आली आणि त्यांच्या मेंदूतील हालचाल टिपण्यात आली. ज्या घरांत आईबापांचे खटके अधिक उडत, त्या घरांतील बालकांच्या मेंदूत ताण आणि भावना यांच्याशी निगडित भाग अतिशय रागीट सुराला अधिक प्रतिसाद देताना आढळले. वाक्यांना अर्थ नव्हता, बालकांना भाषा येत नव्हती, आणि ती झोपलेली होती. ‘ते लहान आहे, त्याला काय कळते’ हे आपल्याकडचे नित्याचे आश्वासन त्यापुढे टिकत नाही.

पॅट्रिक डेव्हिस व मार्क कमिंग्ज यांनी १९९४ मध्ये मांडलेला भावनिक सुरक्षिततेचा सिद्धान्त आणखी एक पाऊल पुढे टाकतो. भांडण पाहताना मूल आवाज किती चढला एवढेच मोजीत नाही. या भांडणाचा आपल्यासाठी अर्थ काय, याचा ते अंदाज घेत असते. घर मोडेल काय? आई निघून जाईल काय? हे माझ्यामुळे झाले काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मूल पुष्कळदा ‘होय’ असे स्वतःच देऊन टाकते, कारण आपण दोषी आहोत असे मानले की निदान आपल्या हाती काही तरी उरते. मायेच्या संबंधात या प्रश्नांना दुसरी उत्तरे मिळण्याची शक्यता असते.

आणि ती उत्तरे बहुतेक वेळा शब्दांतून मिळतात. जॉन गॉटमन, लिन कॅट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी पालक मुलाच्या भावनेला कसे सामोरे जातात याचा अभ्यास केला. काही पालक मुलाचा राग किंवा भीती ओळखतात, तिला नाव देतात, ती वाटणे स्वाभाविक आहे असे सांगतात आणि मग पुढे काय करावयाचे ते मुलाबरोबर ठरवितात. काही ‘रडू नकोस, काही झालेले नाही’ असे म्हणून विषय संपवितात. कॅट्झ आणि विंडेकर-नेल्सन यांनी २००६ मध्ये हीच कसोटी हिंसा झालेल्या घरांना लावली. जेथे आई मुलाच्या भावनांविषयी त्याच्याशी अधिक बोलत असे, तेथे हिंसा आणि मुलाच्या अडचणी यांचा परस्परसंबंध क्षीण झालेला दिसला. ‘काही झालेले नाही’ हे वाक्य बहुतेक आया प्रेमानेच उच्चारतात, यात शंका नाही. पण मुलाने जे कानांनी ऐकले ते घडलेच नाही असे त्याच्या सर्वांत विश्वासाच्या माणसाने सांगितले, तर मुलाला आपल्या कानांवर अविश्वास दाखवावा लागतो किंवा आईवर. अनुभवाला नाव मिळणे ही मायेची एक बाजू आहे, आणि ती अभ्यासात अद्याप पुरेशी आलेली नाही.

येथवर विवेचन आईभोवतीच फिरले आहे. संशोधनही तसेच फिरते, आणि त्यातील धोका दृष्टीआड करून चालणार नाही. ज्या स्त्रीला मार बसतो तिनेच प्रेमळ राहून मुलाला सावरावे, आणि मूल बिघडले तर तिची माया कमी पडली असे म्हणावे, असा निष्कर्ष या आकड्यांतून काढणे अगदी सोपे आहे. तो अन्यायाचा आहे, आणि शास्त्रदृष्ट्याही कच्चा आहे. एरेल आणि बर्मन यांनी १९९५ मध्ये ६८ संशोधनांचा आढावा घेतला, तेव्हा पतिपत्नींचा संबंध आणि पालक-मुलाचा संबंध हे सामान्यतः एकाच दिशेने झुकतात, म्हणजे एकीकडची कटुता दुसरीकडे झिरपते, असे दिसले. मारहाण झोप नेते, आत्मविश्वास नेते, उदासी आणते. तिच्यातून उरलेल्या शक्तीवर माया चालते. असे असूनही लेव्हेन्डोस्की व त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ मध्ये मार खाणाऱ्या काही आया मुलांकडे उलट अधिक दक्षतेने पाहत असल्याच्या, जणू झालेली हानी भरून काढीत असल्याच्या खुणा आढळल्या. या दोन निष्कर्षांत विसंगती मानण्याचे कारण नाही. सरासरी एक गोष्ट सांगते, आणि सरासरीच्या आतील माणसे दुसरी.

शिवाय आई-मुलाचे नाते हिंसेच्या बाहेर सुरक्षित उभे असते आणि हिंसा अन्यत्र घडते, असेही नाही. इव्हन स्टार्क यांनी २००७ मध्ये जिचे विवेचन केले त्या सक्तीच्या नियंत्रणात मार हा एक भाग असतो. पैसा, येणे-जाणे, माहेरचे बोलणे, शेजारपाजार, सर्वांवर पहारा हा उरलेला भाग. ब्रिटिश संशोधक एमा कॅट्झ यांनी दाखविले आहे की असा पुरुष पुष्कळदा आई आणि मूल यांच्या एकत्र वेळेवरच घाला घालतो : तिने मुलाजवळ बसू नये, त्याच्याशी खेळू नये, मुलासमोर तिची अक्कल काढली जावी. अशा घरात माया कमी दिसली तर तो आईचा दोष नसतो. ते हिंसेचे साध्य असते.

मारणाऱ्या बापाच्या मायेचे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. असा बाप मुलाशी कधीच प्रेमाने वागत नाही, ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. रात्री आईला मारणारा माणूस रविवारी मुलाला खांद्यावर घेऊन जत्रेला जातो. ही माया मुलाचे संरक्षण करते काय? आल्बर्ट बान्डुरा आणि अलिथा ह्यूस्टन यांनी १९६१ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, ज्या मोठ्या माणसाने आधी मुलांना जवळ केले होते त्याच्या वर्तनाचे अनुकरण मुलांनी अधिक केले. प्रेमळ माणसाचे वागणे मुलाला अधिक चिकटते. या न्यायाने बापाची माया जितकी अधिक, तितका त्याच्या मारण्याचा धडा पक्का, असे होण्याचा संभव आहे. यावरून बापाची माया मुलाला अपायकारकच असते असे ठरत नाही. परंतु आईच्या मायेविषयी जे म्हणता येते ते विचार न करता बापाला लावणे चुकीचे, एवढे नक्कीच ठरते. कुटुंब न्यायालयात मुलाच्या भेटीगाठींचा प्रश्न निघतो तेव्हा ‘त्याचे मुलावर प्रेम आहे’ हे विधान अनेकदा युक्तिवादाचा शेवट मानले जाते. ते फार तर आरंभ असावयास हवे.

संशोधनपद्धतीविषयी दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवाव्या. ‘संरक्षक’ आणि ‘पोषक’ यांत भेद आहे. मायेमुळे सर्वच मुलांचे बरे होत असेल, मग घरात हिंसा असो वा नसो, तर माया पोषक आहे. हिंसा असलेल्या घरात तिचा उपयोग विशेष अधिक होत असेल, तरच ती खऱ्या अर्थाने संरक्षक ठरते. पहिले पुष्कळ ठिकाणी सिद्ध झाले आहे. दुसरे सर्वत्र नाही. दुसरी गोष्ट साधी आहे, पण तिने अनेक प्रबंध पोखरले आहेत. हिंसा किती, माया किती आणि मुलाचे वर्तन कसे, ही तिन्ही उत्तरे एकाच आईकडून घेतली, तर त्यांत दिसणारा मेळ घरातला आहे की तिच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीतला, हे सांगता येत नाही. उदास मनाला मूलही अधिक त्रासदायक भासते.

म्हणूनच प्रत्यक्ष उपचाराच्या प्रयोगांना अधिक वजन आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे अलिसिया लीबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांनी तीन ते पाच वर्षांच्या, घरात हिंसा झालेल्या मुलांच्या ७५ जोड्या (प्रत्येक जोडीत आई आणि मूल) चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागल्या. एका गटात आई आणि मूल यांना एकत्र बसवून वर्षभर साप्ताहिक उपचार झाला. त्यात मूल खेळातून जे मांडी ते आईला उलगडून दाखविणे, घडलेल्या गोष्टीविषयी दोघांना बोलावयास धीर देणे, यांवर भर होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील मुलांच्या वर्तनातील अडचणी आणि आघाताची लक्षणे तुलनेच्या गटापेक्षा अधिक कमी झाली. प्रसंगाची आठवणही टाळण्याची आयांची प्रवृत्तीही घटली. आईला माया शिकवावी लागली नाही. बोलण्याची वाट मोकळी करावी लागली.

भारतातील कायदा या मुलाकडे अजून तिरक्या नजरेने पाहतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात पीडित व्यक्ती म्हणजे स्त्री. तथापि संरक्षणाच्या आदेशात मुलाच्या शाळेत प्रवेश करण्यास मनाई करण्याची तरतूद आहे, आणि कलम २१ प्रमाणे मुलाचा तात्पुरता ताबा पीडितेला देण्याचा व अपायकारक वाटल्यास प्रतिवादीची भेट नाकारण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे. इंग्लंडमधील २०२१ च्या कायद्याने मात्र हिंसा पाहणारे, ऐकणारे किंवा तिचे परिणाम भोगणारे मूल स्वतःच पीडित मानले आहे. आपल्याकडील प्रश्नाचा आवाका लहान नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. आणि ज्यांच्या वडिलांनी आईला मारले होते त्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक होते.

या घरांतील माया मराठीत मोजावयाची झाली तर परदेशी प्रश्नावलीचे भाषांतर पुरणार नाही. भाषावैज्ञानिक केनेथ पाइक यांनी १९५४ मध्ये बाहेरून लावलेल्या मापाचा आणि आतून जाणवणाऱ्या भेदाचा जो फरक दाखविला, तो येथे शब्दशः लागू पडतो. आई तुझ्याविषयी चांगले बोलते काय, असे मराठी मुलाला विचारले तर पुष्कळ मायाळू घरांतून नकारार्थी उत्तर येईल. तोंडावर कौतुक केले तर दृष्ट लागते, ही समजूत अजून जिवंत आहे. प्रेम आहे असे शब्दांनी सांगण्याचा प्रघातही थोडा. उलट ‘जेवलास का’ या प्रश्नात, भाकरीवर घातलेल्या तुपाच्या धारेत, ‘मेल्या’, ‘कार्ट्या’ अशा लटक्या शिव्यांत ती माया असते. निरोगी घरात या शिव्यांचा लटकेपणा मुलाला सुरावरून कळतो. जेथे तेच शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून खऱ्या रागाने, हात उगारून आलेले असतात, तेथे आईच्या तोंडचा ‘मेल्या’ मुलाला कसा ऐकू येत असेल, हे कोणत्याही भाषांतरित प्रश्नावलीतून कळणार नाही. त्यासाठी मराठी घरांतील बोलणे प्रत्यक्ष ऐकावे लागेल, आणि ऐकताना एकत्र कुटुंबातील आजी, काकू, थोरली बहीण यांचे आवाजही वगळून चालणार नाहीत.